लान्स नायक साळवेची आभाराची वही

माझी पलटण त्या वेळी उत्तर काश्मीरमध्ये ताबारेषेवर होती. आमची पोस्ट साडेदहा हजार फुटांवर. बावीस जवान, चार बंकर, एक एमएमजी म्हणजे मशीनगन, जेवणासाठी एक लंगर. सप्टेंबरच्या अखेरीस प्लाटून कमांडर सुभेदार साहेब सुट्टीवर गेले आणि पोस्टचा ताबा माझ्याकडे आला. मी हवालदार महादेव लोंढे. गाव वैराग, जिल्हा सोलापूर. नोकरीची सतरा वर्षं झाली होती.

सिव्हिलमधल्या लोकांना वाटतं की अशा पोस्टवर सगळ्यात मोठी अडचण शत्रूची. ती रोजची नसते. रोजची अडचण पाण्याची. आमच्या पोस्टवर पाणी नव्हतं. खाली उतरायला पंचवीस मिनिटं लागत, तिथं एक झरा होता. चार जणांची वॉटर पार्टी रोज सकाळी पाठीवर कॅन घेऊन खाली जायची आणि भरून वर यायची. वाट डोंगराच्या आडोशानं होती. फक्त एका वळणावर तीस-पस्तीस पावलं उघडी होती. तेवढा तुकडा पलीकडच्या पोस्टला दिसायचा.

पार्टीची वेळ आम्ही ठरलेली ठेवत नव्हतो. कधी साडेसहा, कधी आठ, कधी दहा. पलीकडच्यांना अंदाज येऊ नये म्हणून. तरी त्या महिन्यात तीन वेळा पार्टी वळणावर आली आणि नेमका फायर आला. दोनदा कॅन फुटले. तिसऱ्या वेळी एका जवानाच्या खांद्याला गोळी चाटून गेली.

कंपनी कमांडर मेजर साहेबांचा फोन आला. ते हिंदीत बोलत, मी मराठीत लिहितो.

"लोंढे, वेळ रोज बदलता ना?"

"होय, साहेब."

"मग त्यांना कळतं कसं?"

"तेच कळत नाही, साहेब."

"माहिती बाहेर जाते का बघा," ते म्हणाले. "डोळे उघडे ठेवा."

त्या दिवसापासून मी प्रत्येकाकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. कोण कुठं जातो, कोण कुणाशी बोलतो, लंगरमध्ये मी गेल्यावर कोण गप्प होतो. रोज ज्यांच्यासोबत जेवतो त्यांच्यावर असं लक्ष ठेवणं सोपं नसतं, पण एकदा सुरू झालं की थांबतही नाही. चार दिवसांत माझी नजर एका माणसावर येऊन थांबली.

लान्स नायक याकोब साळवे. वय एकोणतीस. सोलापूर शहरातला, स्टेशनामागच्या ख्रिस्ती वस्तीतला. वडील लहानपणीच गेलेले. आई एका दवाखान्यात आया होती. साळवे पोस्टवरचा रेडिओ सेट सांभाळायचा आणि गरज पडली तर एमएमजीवर नंबर टू, म्हणजे गोळ्यांचा पट्टा लावणारा. कामात चोख. बोलणं कमी. आम्ही दोघं एका जिल्ह्याचे, पण आमची खास जवळीक नव्हती.

मला दिसलं ते असं. रोज संध्याकाळी स्टँड-टू संपल्यावर, म्हणजे मोर्चावरून जवान मोकळे झाल्यावर, साळवे लंगरमागच्या मोठ्या दगडाआड जायचा. दहा मिनिटं बसायचा. खिशातून लहान वही काढायचा, काहीतरी लिहायचा, मग डोळे मिटून ओठ हलवायचा. एकदा मी मुद्दाम त्या बाजूनं गेलो. माझी चाहूल लागताच त्यानं वही मिटून खिशात घातली.

"काय लिहितोस रं?"

"काय न्हाई, उस्ताद. आपलं रोजचं." हवालदाराला पलटणीत उस्ताद म्हणतात.

आठवड्यातून एकदा खालच्या गावातला एक पोर्टर खेचरावर रेशन आणायचा. पन्नाशीचा माणूस होता. साळवेनं त्याच्या हातात घडी घातलेला कागद दिलेला मी पाहिला. पोर्टरनं तो टोपीत ठेवला. वही, कागद, पोर्टर, आणि हा सेटवर बसणारा, ज्याला पार्टीची वेळ माझ्यानंतर सगळ्यात आधी कळते. माझ्या डोक्यात हिशोब जुळला.

दुसऱ्या दिवशी साळवे ड्यूटीवर असताना मी त्याच्या बिछान्याखालून वही काढली आणि माझ्या बंकरमध्ये बसून वाचली. अक्षर बारीक होतं आणि शब्द तोडून लिहिलेले. एक पान मला अजून पाठ आहे.

"पा. ७.४० ला आलं. ६ कॅ. सगळे नीट. ब. चा पाय बरा. दुपारी ढग. डाळीत लसूण. सेट चालू झाला ४.१५."

दुसऱ्या पानावर, "पा. ८.५०. फायर. कॅ. १ गेला, माणूस नाही गेला."

पाण्याच्या वेळा, कॅनची संख्या, हवामान, सेट कधी बंद आणि कधी चालू. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच अक्षर, 'आ'. मला ती खूण वाटली. माणूस संशयानं वाचायला बसला की डाळीतला लसूणसुद्धा सांकेतिक वाटतो. मला तसा वाटला होता, हे मी लपवत नाही.

मी मेजर साहेबांना फोन लावला.

"साळवेची वही मिळाली आहे, साहेब. पार्टीच्या वेळा लिहिलेल्या आहेत."

"त्याला कळलं आहे?"

"नाही."

"कळू देऊ नका. मी शनिवारी वर येतो. सेटवरून काढा त्याला."

सेटवरून काढायचा हुकूम त्यांचा होता. पुढचं मी सुचवलं. मी म्हणालो, "साहेब, त्याला वॉटर पार्टीचा कमांडर करतो. तोच वाटेवर असला तर फायर येणार नाही. नाही आला, तर तोच पुरावा."

मग साहेब म्हणाले, "ठीक आहे."

मंगळवारी संध्याकाळी मी साळवेला नवीन ड्यूटी सांगितली. त्यानं कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "उस्ताद, माझी वही कुटं दिसली का? बारकी हाय, निळ्या पुठ्ठ्याची."

"न्हाय," मी म्हणालो. वही माझ्या जर्किनच्या आतल्या खिशात होती.

बुधवारी साळवेनं पार्टी साडेसहाला बाहेर काढली. आठच्या आत परत. फायर नाही. गुरुवारी तेच. शुक्रवारी तेच. महिनाभर वळणाची धास्ती होती, आता सलग तीन दिवस शांततेत गेले होते. जवान खूश होते. बजरंग माने म्हणून सांगोल्याचा एक शिपाई होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला, पार्टीत रोज असायचा. तो लंगरमध्ये म्हणाला, "साळवे आल्यापासनं नशीब बदाललं की." सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या मते पुरावा पुरा झाला होता.

शनिवारी सकाळी सव्वासहाला पार्टी निघायला उभी राहिली. साळवे, माने आणि आणखी दोघं. साहेब दुपारी पोचणार होते. ते यायच्या आत हातात आणखी काही असावं असं मला वाटलं. मी पार्टी थांबवली.

"कीट चेक," मी म्हणालो.

झडती हा शब्द वापरला नाही, पण ती झडतीच होती. चौघांच्या पाठीवरचे पिट्टू उलटे केले. बूट काढायला लावले. बिछाने झटकले. हे सगळं मी मुद्दाम सावकाश केलं. साळवेच्या शर्टाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद मिळाला. तो स्वतः सिगारेट ओढत नव्हता. मागच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. तीन दिवसांच्या तीन ओळी. प्रत्येकीत वेळ, आणि पुढं, "वळण पार. ऊन नव्हतं. फायर नाही. आ."

त्याला मी बाजूला घेतलं.

"हे काय हाय?"

"आभार, उस्ताद."

"कुणाचे?"

"देवाचे. आमच्यात उपकारस्तुती म्हंत्यात. रोज मानायचे असत्यात."

"मग वेळा कशाला लिवतोस?"

त्याला असं कुणी कधी विचारलं नसावं. "आई म्हंती, मोघम आभार मानू नयेत. सगळ्याबद्दल आभार, असं म्हणायचं म्हंजे तोंडदेखलं झालं. काय मिळालं, कवा मिळालं, कुणाच्या हातनं मिळालं, ते बघून म्हणायचं. म्हणून दिवसभर बघत राहतो, आणि लिवून ठेवतो."

"आणि लपवतोस का?"

"पोरं हसत्यात."

उत्तर सरळ होतं. मला ते फार सरळ वाटलं, आणि सरळ वाटलं म्हणूनच खोटं वाटलं. पोर्टरला काय दिलंस, हे मी विचारलं नाही. तो पत्ता साहेबांसमोर टाकायचा म्हणून राखून ठेवला होता.

साळवेनं घड्याळ पाहिलं. "उस्ताद, सात वाजून गेले. आज जायचं तर आत्ता निघू द्या, न्हाईतर दुपारी ढग आल्यावर पाठवा. वळणावर ऊन आलं की फायर येतो."

"तुला कसं म्हाईत, फायर कवा येतो?"

"बघतोय की रोज. लिवलेलं हाय वहीत. ऊन असलं तरच येतो. ढग असले की दहाला गेलं तरी येत न्हाई. का ते म्हाईत न्हाई मला. पण हाय तसं."

आज मला कळतं की त्या वेळी महिनाभरातली सगळ्यात मोलाची माहिती माझ्यासमोर उभी होती. त्या सकाळी मला एवढंच ऐकू आलं की फायर कधी येतो हे या माणसाला माहीत आहे. पलीकडच्यांशी संधान असल्याशिवाय हे माहीत कसं होईल?

मी मनात म्हटलं, आता वेळ मी बदलली आहे. पार्टीत आपण आहोत हे पलीकडं कळवायला त्याला सवड मिळालेली नाही. आता बघू.

सात पस्तीसला मी पार्टी सोडली. आकाश स्वच्छ होतं.

साळवे सावधान उभा राहिला, मग निघाला. जाताना तोंडावर राग नव्हता. मी तो शोधला होता, म्हणून नक्की सांगू शकतो.

सेटवर मी स्वतः बसलो. आठ वाजून दोन मिनिटांनी त्याचा आवाज आला, "पोस्ट, वॉटर वन. झऱ्यावर पोचलो. ओव्हर." आठ चौदाला, "भरून निघालो. ओव्हर." मी दोन्ही वेळा फक्त "रोजर" म्हणालो.

आठ बत्तीसला पलीकडून एमएमजी सुरू झाली. आधी एक लांब बर्स्ट, मग तुकड्या-तुकड्यानं.

"पोस्ट, वॉटर वन. वळणावर फायर आला. एक जखमी. ओव्हर."

"कोण? ओव्हर."

"माने. मांडीला. उघड्यावर पडलाय. बाकी दोघं आडोशाला. ओव्हर."

"तू कुठं? ओव्हर."

"आडोशाला. मानेपासून बारा पावलं. ओढून आणतो. ओव्हर."

"थांब. कव्हरिंग फायर देतो. थांब. ओव्हर."

"रक्त लई चाललंय, उस्ताद. थांबता येणार न्हाई. आऊट."

आमची एमएमजी सुरू व्हायला चाळीस सेकंद लागली. गन लावलेली होती, जवान तयार होते, तरी लागली. तेवढ्यात साळवे बाहेर पडला होता. पुढचा संदेश आठ एकेचाळीसला आला.

"पोस्ट, वॉटर वन. माने आत आणला. मांडीला टूर्निकेट आवळून रक्त थांबवलं, वेळ आठ अडतीस. नोंद करा. ओव्हर."

"नोंद केली. तू ठीक? ओव्हर."

"पोटात लागलंय. ओव्हर."

मी नर्सिंग असिस्टंट आणि सहा जणांना स्ट्रेचर देऊन खाली पाठवलं. फायर चालू होता, त्यांना लांबून फिरून जावं लागलं. सेट माझ्या कानाला होता. साळवेच्या हातातल्या सेटचं बटण दाबलेलं राहिलं असावं, कारण मधेच त्याचा आवाज यायला लागला. माझ्याशी तो बोलत नव्हता. हळू, एकसारखं काहीतरी पुटपुटत होता. शब्द लागत नव्हते.

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, हा आत्ता कुणाशी बोलतोय?

पोटात गोळी लागलेला माझा माणूस खाली पडलेला, आणि मी हा विचार केला. हे मी आजवर कुठल्या कागदावर लिहिलं नव्हतं.

तो काय बोलत होता, ते मला नंतर मानेनं सांगितलं. लष्करी दवाखान्यात, मी भेटायला गेलो तेव्हा. "आभार मानत हुता, उस्ताद. बजरंगचं रक्त थांबलं, आभार. दोर तुटला न्हाई, आभार. दगड मोठा हाय, आभार. त्याच्या पोटातनं रक्त येतंय आणि ह्यो माज्या रक्ताचे आभार मानतोय. मला राग आला. मी म्हनलं, गप की लेका. तर म्हनला, तू बी म्हण."

"मग?"

"मी न्हाय म्हनलं," माने म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

नर्सिंग असिस्टंट वळणावर पोचला तेव्हा नऊ वाजून अकरा मिनिटं झाली होती. साळवे पाच-सहा मिनिटांपूर्वी गेला होता. माने वाचला. डावा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला.

मेजर साहेब दुपारी आले. त्यांनी वही आणि चंदेरी कागद शेजारी ठेवून प्रत्येक पान वाचलं. मग रविवारी साडेआठला त्यांनी एका जवानाला काठीच्या टोकाला कॅन बांधून आडोशातून वळणावर धरायला सांगितला आणि स्वतः बाजूच्या सोंडेवरून दुर्बिणीतून पाहिलं. त्यांनी मलाही दुर्बीण दिली. कॅनवर ऊन पडलं तेव्हा आरसा धरल्यासारखी चमक दिसली. थंडीत प्लास्टिकचे कॅन तडकत होते म्हणून महिन्यापूर्वी आम्हाला नवे स्टीलचे कॅन आले होते. त्यांना हिरवा रंग द्यायचा राहिला होता. सकाळी आठनंतर सूर्य समोरच्या धारेवर यायचा आणि वळणावर ऊन पडायचं. आमच्या बाजूनं ती चमक दिसत नव्हती. पलीकडच्यांना दिसायची. ज्या दिवशी ढग असत त्या दिवशी नाही. कुणी माहिती दिलेली नव्हती. फायर आलेले तिन्ही दिवस साळवेच्या वहीत होते, वेळेसकट, उन्हासकट.

पोर्टरला खालच्या गावातून बोलावून विचारलं. त्यानं टोपीतून कागद काढून दाखवला. त्याच्या बायकोच्या पायाला जखम होती. कुठलं मलम, किती वेळा, पाणी कसं उकळायचं, ते साळवेनं नर्सिंग असिस्टंटला विचारून हिंदीत लिहून दिलं होतं. खाली लिहिलं होतं, दर आठवड्याला रेशन आणता त्याबद्दल आभार. पानाच्या तळाचा 'आ' तोच होता.

कॅनना गोणपाट शिवलं. त्यानंतर त्या वळणावर फायर आला नाही.

साहेब जाताना म्हणाले, "लोंढे, कॅनची चूक सगळ्यांची आहे. बाकीचं घरच्यांना सांगून कुणाचं भलं होणार नाही." माझ्यावर कारवाई झाली नाही. दीड वर्षानं मी नायब सुभेदार झालो.

पेटी घेऊन सोलापूरला मीच गेलो. एका जिल्ह्याचा म्हणून मला पाठवलं. वस्तीतली सगळी माणसं रस्त्यावर होती. कब्रस्तानात सलामी झाली, बिगुल झाला. त्याआधी चर्चमध्ये पाळकांनी प्रार्थना केली आणि मग साळवेची आई उभी राहिली. मार्थाबाई. बारीक अंगाची, पांढरी साडी, आवाज खणखणीत. ती म्हणाली, "देवा, तू मला एकोणतीस वर्षं लेक दिलास. आभार. त्याच्या हातनं एक माणूस वाचवलास. आभार. शेवटच्या वेळेला त्याच्याजवळ गावाकडचा माणूस ठेवलास, लोंढेदादांना ठेवलंस. आभार."

माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. मला वाटलं, पाळकांनी शिकवलेलं बोलते आहे. पोटचा पोरगा पेटीत असताना कोण असं बोलेल? माझं नाव ऐकल्यावर वाटलं, हिला काही कळलंय आणि ही मला चाचपते आहे. मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. तिथं काही सापडलं नाही.

निवृत्तीनंतर मी सोलापुरातच घर केलं. एमआयडीसीत एका चादर कारखान्याच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झालो. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासायचं काम. त्यात मी चांगला होतो.

याकोब गेला त्या तारखेला मार्थाबाई दर वर्षी घरी प्रार्थना ठेवायच्या. पंधरावीस माणसं. प्रत्येकानं एका गोष्टीबद्दल आभार मानायचे, मग जेवण. मानेही सांगोल्याहून यायचा, जयपूर फूट लावून. त्यानं आता डाळिंब लावलंय. मला बोलावणं असायचं आणि न जाणं मला बरं दिसलं नसतं. माझी पाळी आली की मी म्हणायचो, "मावशी, आमच्यात असं नसतं." त्या आग्रह करायच्या नाहीत. स्वतःच्या पाळीला मात्र दर वर्षी एक ओळ असायची. लोंढेदादा त्याच्यासोबत होते, आभार.

दोन-तीन वर्षांनी एकदा त्यांनी विचारलं, "दादा, याकोबचं बाकी सामान ट्रंकेत आलं. वही तेवढी येगळ्या पाकिटात, सील लावून कशी आली?"

"ऑफिसचं असतं तसं, मावशी," मी म्हणालो.

त्या "बरं" म्हणाल्या. पण त्यांनाही संशय आला होता. माझ्यासारख्याला तो ओळखू येतो.

सात वर्षं ती ओळ ऐकली. आठव्या वर्षी, म्हणजे मागच्या ऑक्टोबरात, मला ती पुन्हा ऐकवणार नाही हे मला आधीच कळलं होतं. मी दोन दिवस अगोदर, दुपारी चारला, एकटा त्यांच्या घरी गेलो. त्या शेंगा निवडत होत्या. मी समोर बसून सगळं सांगितलं. वही, फोन, मी काय सुचवलं, कीट चेक, सात पस्तीस, आणि सेटवरचा तो विचार. रिपोर्ट देतात तसं सांगितलं. दुसऱ्या तऱ्हेनं मला जमलं नसतं.

मार्थाबाईंचे हात थांबले होते.

"त्यानं तुमाला सांगितलं हुतं? उनाचं?"

"व्हय."

"आणि तुमी ऐकलं न्हाई."

"न्हाय."

"सात वर्षं मी तुमच्यासाठी आभार मानले."

"व्हय, मावशी."

"खोट्यावर मानले मग." त्यांनी सूप बाजूला सारलं. "देवाला काय, सगळं म्हाईत असतंय. मला तर न्हवतं. जे घडलंच न्हाई त्याचे आभार मानत बसले मी. पोराला शिकवलं मोघम मानू नकोस म्हणून, आणि सोता काय केलं?"

मी माफी मागितली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"ते आत्ता न्हाई. माझा धर्म मला माफ कर म्हणतोय, मी बघीन त्याच्याकडं. आज होणार न्हाई. ह्या गोष्टीचे आभार बी आज मानता येणार न्हाईत मला, आणि उगं मानणार न्हाई." मग म्हणाल्या, "तुमी आता जावा."

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"दादा, त्याच्यावर कुणी कुणी संशय घेतला हुता?"

"मी. साहेबांना मी सांगितलं. पोस्टवर आणखी कुणाला म्हाईत न्हवतं, पण झडतीवरनं काहींनी ओळखलं असंल."

"मग लिवून द्या. आत्ता मला सांगितलं तसंच. वेळा घालून. चर्चच्या मंडळीत वाचून दाखवीन मी. माझ्या पोराच्या नावावर एका माणसाच्या मनात जरी डाग असंल, तरी तो कागदावर पुसला पायजे. माफीचं नंतर बघू."

त्या वर्षी दोन दिवसांनी मला बोलावणं आलं नाही. मानेकडून कळलं की मार्थाबाईंनी आभार मानले, पण माझं नाव त्यात नव्हतं. मानेनं त्या दिवशी पहिल्यांदाच आभार मानले. कशाबद्दल, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

लिहायला मला दहा महिने लागले. या दिवाळीआधी हे कागद मी मार्थाबाईंच्या हातात देईन. त्या वाचतील, मंडळीत वाचायचे की नाही ते त्या ठरवतील. इतरांनीही वाचावं म्हणून एक प्रत मी ठेवली आहे. तीच तुम्ही वाचत आहात.

लान्स नायक याकोब साळवे, राहणार सोलापूर. सेवा नऊ वर्षं. आपला जखमी साथी उघड्यावरून बारा पावलं ओढून आडोशाला आणला, त्याचं रक्त थांबवलं, वेळ कळवली. सकाळी नऊ पाचच्या सुमारास वीरगती. त्याच्यावर संशय घ्यायला कोणतंही कारण नव्हतं. हे मी, नायब सुभेदार महादेव लोंढे, निवृत्त, स्वतःच्या हातानं लिहून देत आहे.